‘अस्सल आदिवासी अनुभव’ लिहिलंय खरं, पण शिक्का कुणाचा?

जुलैमध्ये आम्ही घरची चौदा माणसं शहापूरच्या बाजूला एका रिसॉर्टला गेलो होतो. म्हणजे ठरवलं मावसभावानं, जीपेवर पैसे गोळा केले त्यानं, आणि ठाण्याहून निघाल्यावर भिवंडी बायपासच्या ट्रॅफिकला शिव्या पण त्यानंच घातल्या. जाहिरातीत लिहिलेलं ‘अस्सल वारली व्हिलेज एक्स्पिरियन्स’, सोबत अनलिमिटेड जेवण आणि पूल. नाव सांगत बसत नाही, त्या पट्ट्यात असे ढिगाने झालेत.

रिसेप्शनच्या भिंतीवर मोठं वारली चित्र होतं, गेरूचा रंग, पांढरी चौकट, आत देवी, कडेनं बारीक नक्षी. आणि बरोब्बर त्याच्या खाली चपलांचा रॅक. मी फोटो काढत होते तेवढ्यात किचनकडून पाण्याचे जग घेऊन येणारी एक बाई थांबली, म्हणाली, ‘ताई, हा लग्नाचा चौक आहे. आमच्यात याच्यासमोर यायचं तर चपला बाहेर काढतात.’ एवढं बोलली, जग टेबलावर ठेवले आणि गेली.

संध्याकाळी सात वाजता डीजे बंद करून पूलच्या कडेला पंधरा मिनिटं ‘ट्रायबल डान्स’. मध्ये एक म्हातारे बाबा तारपा वाजवत होते, दुधी भोपळ्याचं ते लांब वाद्य, बाकीचे त्यांच्याभोवती फेर धरून, आणि आमची पोरं ओल्या कपड्यांनीच त्यात घुसली. नंतर चहा घेताना मी बाबांना विचारलं की हे कधी वाजवता तुमच्याकडे. ते म्हणाले, ‘आता नाही काढत आम्ही तारपा. भात पिकायला लागलं की काढतो. पण साहेब म्हणले रोज पाहिजे.’

फसवणूक झाली का कुणाची? आमचे पैसे वसूल होते, जेवण खरंच चांगलं होतं. बाबांना पण काहीतरी मिळालंच असेल. तरी परत येताना गाडीत मला तो चपलांचा रॅकच दिसत होता, आणि तेव्हापासून हे ‘आदिवासी टुरिझमचं सर्टिफिकेट’ नावाचं प्रकरण वाचत बसलेय. जे कळलं ते सांगते.

आत्ताच हा विषय कशाला?

कारण सरकारच आता यात उतरलंय. २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात देशभरात आदिवासी भागांत १,००० होमस्टे करायचं ठरलंय. नवीन खोल्या बांधायला एका घराला ५ लाखांपर्यंत, आहे ते घर नीट करायला ३ लाखांपर्यंत मदत. कल्पना चांगलीच आहे, पैसा रिसॉर्टवाल्याकडे न जाता घरात येईल. पण होमस्टे म्हटलं की बुकिंगचं ॲप आलं, ॲप म्हटलं की फोटो आले, आणि फोटोत काय दाखवायचं हे कोण ठरवणार, घरातली माणसं की मुंबईतला एजंट? प्रश्न सगळा इथं आहे.

आणि ठाण्याला तर हा विषय घरचा आहे. शहापूर, मुरबाड सोडा, येऊरला वर जाताना लागतात ते पाडे पण आदिवासींचेच, आपण मात्र येऊर म्हटलं की टर्फ, बंगले आणि थर्टीफर्स्ट एवढंच आठवतो.

सर्टिफिकेट म्हणजे नक्की काय? हॉलमार्क आठवा

जांभळी नाक्याकडे मंगळसूत्र घ्यायला गेलात तर सोनार म्हणतो बावीस कॅरेट आहे. तुम्ही त्याच्या शब्दावर घेता का? नाही. हॉलमार्क बघता. तो शिक्का सोनार स्वतःच्या हातानं मारू शकत नाही, तपासणी केंद्र वेगळं असतं, बावीस कॅरेट म्हणजे किती शुद्ध हे ठरवणारी बीआयएस ही सरकारी संस्था त्याच्याही वरती, आणि त्या केंद्राला तपासायची परवानगी देणारी पण तीच.

टुरिझममध्ये हीच उतरंड आहे. नियम लिहिणारे एक, जागेवर जाऊन तपासणारे दुसरे, आणि तपासणाऱ्यावर नजर नियम लिहिणाऱ्यांची. जगभरात शाश्वत पर्यटनाचे, म्हणजे आज कमवून उद्या गावाची वाट न लावणाऱ्या पर्यटनाचे, सगळ्यात मान्य नियम ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम काउन्सिलचे, आणि गंमत म्हणजे ही काउन्सिल स्वतः कुठल्याच हॉटेलला सर्टिफिकेट देत नाही, ती नियम करते आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. नियमांचे चार गठ्ठे: कारभार नीट आहे का, गावातल्या लोकांना पैसा मिळतो का, संस्कृतीला धक्का लागतो का, आणि पाणी-कचरा-जंगल यांचं काय. आपल्या केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयानं पण २०१४ मध्ये भारतासाठी असे निकष काढलेत.

म्हणून ‘इको’ किंवा ‘ट्रायबल’ असं कुणी स्वतःच्याच बोर्डवर लिहिलं तर ते सोनाराच्या तोंडी शब्दासारखं समजा.

मग आदिवासींसाठी वेगळा शिक्का कशाला? आहे तोच पुरे की

सोलर पॅनल मोजता येतात, कचऱ्याचे डबे मोजता येतात. चपलांचा रॅक कुणाच्या खाली आहे हे मोजायला चौक म्हणजे काय ते आधी माहीत पाहिजे. वारली लग्नात चौक मांडतात तो सवाष्णी बायकांनी, त्यात पालघाट देवी बसते, लग्न लावते धवलेरी, ती पण बाईच, आणि तिच्या गाण्यांशिवाय पुढचं काही होत नाही. बाहेरून आलेला ऑडिटर, हातात टॅब घेऊन, त्या भिंतीकडे बघून काय टिक करेल? ‘लोकल आर्ट: येस.’ फुल मार्क. ज्या गोष्टीनं रिसॉर्टवरच्या त्या बाईचा जीव खाली-वर झाला तिलाच मार्क!

आणि हे वाईट थराला जायला वेळ लागत नाही. अंदमानात जारवा लोकांच्या जंगलातून जाणारा रस्ता आहे, अंदमान ट्रंक रोड. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच तो त्या भागात बंद करा म्हणून सांगितलेलं. तरी गाड्या जात राहिल्या, आणि २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. तेव्हा त्याला ह्यूमन सफारी म्हणाले लोक. शब्द ऐकूनच अंगावर काटा येतो, पण आमची पोरं ओल्या कपड्यांनी त्या फेरात घुसली तेव्हा आम्ही पण मोबाईल काढलेच होते ना.

त्याच २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला जगभरातल्या मूलनिवासी समाजांची माणसं जमली आणि त्यांनी लराकिया जाहीरनामा काढला. लराकिया हे तिथल्या मूळच्या लोकांचं नाव, ज्यांच्या जमिनीवर ते शहर उभं आहे. त्यातलं मुख्य कलम अगदी साधं आहे: पर्यटनात किती उतरायचं, कसं उतरायचं, कुठली व्यवस्था लावायची हे आमचं आम्ही ठरवू. पुढे यातूनच वर्ल्ड इंडिजिनस टुरिझम अलायन्स ही संघटना उभी राहिली.

मालक कोण: ५१ टक्के आणि सरपंचबाईंचे मिस्टर

कॅनडात इंडिजिनस टुरिझम असोसिएशन ऑफ कॅनडा नावाची संघटना आहे, तिचा ‘द ओरिजिनल ओरिजिनल’ म्हणून शिक्का आहे. तो पाहिजे तर पहिली अट, धंद्याची किमान ५१ टक्के मालकी मूलनिवासींची हवी. बाकी दर्जा वगैरे त्याच्यानंतर. ऑस्ट्रेलियात इकोटुरिझम ऑस्ट्रेलियाचं ‘रिस्पेक्टिंग अवर कल्चर’ सर्टिफिकेट आहे, त्याचा भर वागण्यावर आहे, म्हणजे तुम्ही ज्यांची संस्कृती दाखवताय त्यांच्याशी बोललात का, त्यांचं जमिनीशी आणि पाण्याशी नातं मानता का. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता तुम्ही म्हणाल ५१ टक्के कागदावर दाखवायला काय लागतं. अगदी खरं. आपल्याकडे सरपंच बाई असते आणि मीटिंगला तिचे मिस्टर बसतात, तसं इथं पण होणार, एखाद्या कातकरी माणसाच्या नावानं होमस्टे आणि चेकबुक मात्र शहरातल्या पार्टनरच्या ड्रॉवरमध्ये. त्यामुळे चांगली तपासणी नुसता सातबारा किंवा करारनामा बघून थांबत नाही, बँकेतून पैसे काढायला सही कुणाची, रेट कोण ठरवतं, आणि या रविवारी पाहुणे घ्यायचे नाहीत असं घरातला कुणी म्हणाला तर ते चालतं का, हे विचारते.

मला विचाराल तर सगळं सर्टिफिकेट या शेवटच्या प्रश्नात आहे. ज्याला नाही म्हणता येतं तो मालक.

संमती: रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगसारखी

या विषयात एक शब्द सारखा येतो, पूर्वसंमती. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यात तो आहे. अर्थ असा की आधी विचारायचं, दबाव न टाकता विचारायचं, आणि सगळी माहिती पुढ्यात ठेवून विचारायचं.

ठाण्यात राहणाऱ्याला हे समजवायची गरजच नाही, आपल्या निम्म्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला आहेत. बिल्डरनं आधी कंपाउंड पाडलं आणि मग सह्या मागितल्या तर ती संमती का? सगळ्या काकांना वेगवेगळं गाठून ‘बाकीच्यांनी दिलीये, तुम्हीच राहिलात’ म्हणून सही घेतली तर? प्लॅन न दाखवता, कॉर्पस फंड म्हणून किती पैसे देणार ते न सांगता घेतली तर? आपण कोर्टात जाऊ. पाड्यावर मात्र एक माणूस, बहुतेक वेळा जो मराठी-हिंदी चांगलं बोलतो तो, हो म्हणाला की ‘गावाची परवानगी आहे’ असं धरतात.

नाही म्हणायला किती वर्षं लागू शकतात त्याचं उदाहरण म्हणजे उलुरू, ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेला तो ३४८ मीटर उंच लाल खडक. तिथल्या मूळच्या अनांगू लोकांसाठी तो पवित्र. १९८५ मध्ये जमीन त्यांच्या नावावर परत झाली, तरी टुरिस्ट वर चढत राहिले. पायथ्याशी बोर्ड होता, कृपया चढू नका, आमची विनंती आहे. लोक बोर्डच्या बाजूनं जाऊन साखळी धरून चढायचे! शेवटी २०१७ मध्ये उद्यानाच्या मंडळानं, ज्यात अनांगूंचं बहुमत आहे, चढाई बंद करायचं ठरवलं आणि २६ ऑक्टोबर २०१९ ला ती बंद झाली. शेवटच्या दिवसांत चढायला लाइन लागलेली, हा माणसाचा स्वभाव.

आपल्याकडे तर कायदाच आहे हो. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा, त्यात स्पष्ट लिहिलंय की आपल्या प्रथा-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेला आहे. शहापूर तालुका त्यात येतो, भिवंडी-मुरबाडचा काही भाग येतो. महाराष्ट्राचे २०१४ चे नियम पाड्याला पण स्वतंत्र गाव म्हणून उभं राहायची वाट देतात. म्हणजे उद्या इथं सर्टिफिकेट काढायचं झालं तर पहिला कागद ग्रामसभेचा ठराव, त्यासाठी कॅनडाला जायची गरज नाही.

‘वारलीला जीआय आहे ना, मग झालं की’

हे मला दोघा-तिघांनी सांगितलं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला हे खरं, आणि त्यासाठी जव्हारच्या आदिवासी युवा सेवा संघानं धडपड केली. पण जीआय हा वस्तूचा शिक्का आहे, अमुक वस्तू अमुक भागातली, अमुक लोकांनी अमुक पद्धतीनं केलेली. हापूसला कोकणचा असतो तसा. नाचाला, पाहुणचाराला, ‘व्हिलेज एक्स्पिरियन्स’ला तो लागू नाही. आणि चित्र खऱ्या वारली कलाकारानंच काढलं असेल तरी त्याच्या खाली रॅक ठेवायचा की नाही हे जीआय सांगत नाही.

नुसता ग्राहक कायदा पण पुरत नाही. ऑस्ट्रेलियात एका कंपनीनं इंडोनेशियात बनवलेले बूमरँग वगैरे अ‍ॅबोरिजिनल लोकांनी हातानं रंगवलेले असल्यासारखे विकले, १८,००० हून जास्त नग. २०१९ मध्ये कोर्टानं २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. छान झालं, पण दंड कशाचा, तर गिऱ्हाइकाची दिशाभूल केल्याचा. ज्यांच्या नक्षीची नक्कल झाली त्यांचं नुकसान हा त्या कायद्याचा मूळ विषयच नव्हता.

‘कागदच तो, पैसे दिले की मिळेल’

मिळेलही. पीयूसी कसं मिळतं ते आपल्याला माहितीये, कधीकधी गाडी न नेता मिळतं. म्हणून शिक्का बघताना तीन गोष्टी बघायच्या: तपासणारा वेगळा आहे का, दर काही वर्षांनी परत तपासतात का, आणि तक्रार आली तर काढून घेतात का. काढून घेता न येणारा शिक्का म्हणजे नुसतं स्टिकर.

अजून एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, शिक्का देणाऱ्या कमिटीत त्या समाजाची माणसं आहेत का. फिनलंडमध्ये सामी या तिथल्या मूळच्या लोकांच्या नावानं बराच धंदा चालायचा, सामी नसलेली माणसं त्यांचा पारंपरिक पोशाख घालून टुरिस्टना फिरवायची. २०१८ मध्ये तिथल्या सामी संसदेनं स्वतः पर्यटनासाठी आचारसंहिता काढली. पर्यटन खात्यानं नाही, सामींनी.

‘फी कुणाला परवडणार? शेवटी मोठ्या रिसॉर्टलाच मिळणार’

हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे आणि याला पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. ऑडिटरचा प्रवास, त्याची फी, फायली, फॉर्म इंग्रजीत, दोन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या ठाकर बाईनं हे कधी करायचं, भात लावणी सोडून? उलट ज्याच्याकडे एचआर आहे तो रिसॉर्टवाला आठवड्यात फाइल तयार करेल.

पण एक वाट आपल्या शेतीत आधीच आहे. सेंद्रिय शेतीत पीजीएस नावाची पद्धत आहे, गावातल्या शेतकऱ्यांचा गट करतात आणि ते एकमेकांची शेतं तपासतात, बाहेरची महागडी एजन्सी लागत नाही. शेजाऱ्यानं रात्री युरिया टाकला तर पहिल्यांदा कळतं कुणाला? शेजाऱ्यालाच. पाच-सात पाड्यांनी मिळून होमस्टेसाठी हेच करता येईल, आणि चौकाचा अर्थ एकमेकांना समजवायला लागणार नाही. हो, गावातली भांडणं पण त्यात येतील. शेजारी शेजाऱ्याला पास करेल किंवा मुद्दाम नापास करेल. म्हणून अधूनमधून बाहेरचं कुणीतरी येऊन बघावं लागेल, एवढं मान्य.

‘म्हणजे त्यांनी जीन्स घालायची नाही का?’

हा प्रश्न मावसभावाचा, आणि चांगला होता. ‘अस्सल’ म्हणजे कुडाचं घर, कंदील आणि कंबरेला लंगोट असं आपल्या डोक्यात बसलंय. पाड्यावर मोटारसायकल दिसली, डिश अँटेना दिसला की टुरिस्ट नाराज होतो, पैसे देऊन जुनं बघायला आलोय म्हणतो. अरे मग तू का नाही धोतर नेसून आलास वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात?

चांगल्या निकषांत जुनं-नवं हा मुद्दाच नसतो. स्लॅबचं घर चालेल, फोन चालेल, यूट्यूबवर तारपा टाकला तरी चालेल, फक्त टाकणारे ते असले पाहिजेत आणि काय टाकायचं नाही हे पण त्यांनी ठरवलेलं पाहिजे.

जाता जाता नवी मुंबईचं. दिवाळे, सारसोळे इथले कोळीवाडे आणि आगरी गावं ही इथली मूळची, पण आगरी समाज आणि सोनकोळी अनुसूचित जमातीत येत नाहीत. भारत सरकारनं २००७ च्या त्या जाहीरनाम्याच्या बाजूनं मत दिलं खरं, पण भूमिका अशी की सगळेच भारतीय इथले मूलनिवासी. त्यामुळे ‘इंडिजिनस’ शब्द धरून कुणी कोळीवाडा टूर काढली तर कायद्यानं तो शब्द कुठं बसतो याचा घोळ होणार. ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला बोटीतून जाता, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून गर्दी वाढतेच आहे, तर ज्यांनी त्या खाडीवर पिढ्यानपिढ्या जाळी टाकली त्यांना या टूरमध्ये जागा कुठली, हा प्रश्न जमातीच्या दाखल्यावर अवलंबून का असावा?

तोपर्यंत बुकिंग करताना काय करायचं

फोनवर विचारा. घर कुणाचं, आणि फोन उचलणारा कोण. नाच रोज असतो का, रोज असतो म्हणाले तर समजून जा. फोटो कुठे काढायचे नाहीत असं काही आहे का, आणि ‘कुठेही काढा मॅडम’ असं उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण नाही. पैसे कुणाच्या खात्यात जातात ते क्यूआर कोड स्कॅन केला की नाव येतंच.

दिवाळीनंतर मी असेच फोन करून मुरबाडच्या बाजूला एका पाड्यावर बुकिंग केलं, या वेळी सहाच जणं. सर्टिफिकेट वगैरे काही नाही त्यांच्याकडे, बोर्डसुद्धा नाही. पोचलो तर घरमालक दादा म्हणाले, ‘वरच्या आळीत काल माणूस गेलं. आज नाच नाही, आणि वर जाऊ नका.’ मावसभावानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांना विचारलं, ‘मग आज बघायला काय आहे?’

‘झोडणी चाललीय,’ ते म्हणाले, ‘बघता कशाला, या की.’ खळ्यावर नेलं, भाताचा एक भारा त्याच्या हातात दिला आणि लाकडाच्या ओंडक्याकडे बोट दाखवलं. चार भाऱ्यांतच त्याचे हात लाल झाले.